कुंकू लावलेली बाटली

उत्तमराव धर्माळे यांना कोणी काही सांगितलं की ते तसंच्या तसं करत. अमरावतीच्या भगवंतराव मोहोडांनी फोनवर बजावलं, "रेड वाइन मले रूम टेंपरेचरलेच पाह्यजे. नाशिकले तशीच देतात." म्हणून रविवारी सकाळीच उत्तमरावांनी वाइनच्या तीनही बाटल्या बैठकीच्या खोलीत टेबलावर ओळीनं मांडल्या आणि खिडक्या उघडून ठेवल्या. खोलीचं तापमान बाटल्यांना नीट लागायला हवं होतं.

महिना मे होता आणि खोली बार्शीटाकळी तालुक्यातली होती.

दुपारी सून गीतांजली खोलीत आली. तिनं एका बाटलीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाबा, ही तापलीय. पत्ती टाकली तर चहा होईल हिचा."

"त्यानंच सांगतलं," उत्तमराव म्हणाले. "खोलीत ठेवा म्हने. ठेवल्या."

"अहो, ते थंड मुलखातल्या खोलीबद्दल असतं."

"मंग त्यानं तसं सांगाले पाह्यजे होतं. मी काय थंड मुलखातून खोली आनू?"

गीतांजलीनं घड्याळाकडे पाहिलं. मोहोड चार वाजता येणार होते, आणि भारनियमनामुळे फ्रीज सकाळपासून नुसतं कपाट होऊन उभा होता.

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडात पाऊस कमी पडे आणि सल्ले फार पडत. कपाशीनं भल्याभल्यांना हात टेकायला लावले होते. जो तो बाहेरून यायचा आणि शेतकऱ्याला नवं काहीतरी करायला सांगून जायचा. उत्तमरावांनी सगळ्यांचं ऐकलं. सफेद मुसळी लावली, ती कोणी घेतली नाही. जट्रोफा लावला, त्याला बकऱ्यांनीही तोंड लावलं नाही. इमू पाळले, ते एके दिवशी कुंपण मोडून पातूरच्या दिशेनं निघून गेले आणि घरच्यांनी त्यांना फारसं शोधलं नाही. मग शुभमचं, म्हणजे मुलाचं, लग्न झालं आणि नाशिककडची सून घरात आली. तिनं माहेराहून द्राक्षाच्या काड्या आणल्या. वाइन करण्याचं रीतसर शिक्षण तिनं घेतलेलं होतं. माळाच्या उतारावर तिनं बाग उभी केली, मळ्यातल्या जुन्या कापसाच्या गोदामात टाक्या बसवल्या आणि परवाना मिळेपर्यंत अकोल्याला इतक्या खेपा घातल्या की बसचे कंडक्टर तिला नावानं ओळखू लागले.

पण या घरात वाइन होणं सोपं नव्हतं. सासूबाई माणिकबाई गावच्या दारूबंदीच्या पुढारी होत्या. त्या काळात गावातले कितीतरी पुरुष शेतातून हरून येत आणि थेट देशीच्या दुकानात जाऊन बसत, आणि त्यांच्या घरच्या बायांचं काय होई ते माणिकबाईंनी जवळून पाहिलं होतं. बायांचं मतदान झालं. उभ्या बाटलीला मत म्हणजे दुकान चालू, आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद. माणिकबाईंनी दारोदार फिरून आडवी बाटली निवडून आणली. अशा बाईपुढे सुनेनं वाइनचा विषय काढल्यावर घरात महिनाभर कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी गीतांजली म्हणाली, "आई, वाइनची बाटली आडवीच ठेवतात. उभी ठेवली तर बूच सुकतं." माणिकबाईंनी गोदामात जाऊन स्वतः खात्री करून घेतली.

"आडवी हाय तं चालन," त्या म्हणाल्या. "पन ह्या घरातल्या कोनी थेंब तोंडाले लावाचा नाई."

ही अट सगळ्यांनी मान्य केली. गीतांजली तेवढी कामापुरती जिभेवर घेऊन चूळ भरे.

धर्माळ्यांच्या वाइन तीन. 'माणिक' सर्वांत स्वस्त, साध्या माणसालाही परवडावी अशी. सासूचं नाव दिलेलं असल्यानं तिच्या दोन टाक्या भरून घ्यायला कोणी हरकत घेतली नव्हती. 'काळी माती' मधली. 'वऱ्हाड' महाग, ती लाकडी पिंपात मुरत ठेवलेली. पिंप एकच होतं आणि त्यातली वाइन दर महिन्याला थोडी कमी होई. लाकडातून थोडी उडून जातेच, असं गीतांजली म्हणे, त्यात अकोल्याचं ऊन. "ऊनच लय हाय," असं शुभमही म्हणे.

वाइन झाली, पण गिऱ्हाईक येईना. उत्तमरावांनी सुनेला तीन वर्षं सांभाळून घेतलं, आणि मग त्यांचाही धीर सुटला. या उन्हाळ्यात कोणी घेतली तर बाग राहील, नाहीतर उपटून तूर पेरायची, असं त्यांनी सांगून टाकलं. दुसऱ्याचं सांगणं जसं ते तसंच्या तसं करत, तसंच स्वतःचं बोलणंही. सोमवारी सकाळी या म्हणून ट्रॅक्टरवाल्याला निरोपही गेला होता. त्या आधीचा हा रविवार, आणि बडनेरा रोडवर मोठं हॉटेल असलेले मोहोड हे एकुलते एक गिऱ्हाईक. गीतांजली रडली नाही. तिनं नाशिकहून आणलेले काचेचे ग्लास दोनदा धुऊन पुसून ठेवले. ती बाग गेली तर या घरात आपल्या हातचं असं काही उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी म्हनतो, टरबूज कसं थंडं करतो आपन?" माणिकबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "टोपल्यात घाला न् सोडा विहिरीत."

कल्पना इतकी सरळ होती की कोणाला तिच्यात खोट दिसली नाही. परसातल्या विहिरीला तळाशी का होईना पाणी होतं. शुभमनं तीनही बाटल्या टोपल्यात ठेवल्या, दोर बांधला आणि टोपलं खाली सोडलं. तासाभरानं त्यानं ते वर ओढलं. बाटल्या छान गार झाल्या होत्या. मात्र तिन्ही उघड्याबोडक्या होत्या, आणि टोपल्याच्या तळाशी कागदाचा एक लगदा बसला होता.

लेबलं अकोल्याहून फक्त या तीन नमुन्यांपुरती छापून आणली होती. गोंदावर कशाला खर्च, म्हणून माणिकबाईंनी घरीच मैद्याची खळ शिजवून ती चिकटवली होती. कुरडयांचा चीक आटवणारी बाई ती, खळ पक्की झाली होती. पण कितीही पक्की झाली तरी ती खळच.

"आता कोनती कोनती हाय?" माणिकबाईंनी विचारलं.

तिन्ही बाटल्या एका मापाच्या, तिन्हींची बुचं सारखी, आणि आतला रंग त्या गडद काचेतून एकच दिसत होता. तेवढ्यात पुढच्या दारी गाडीचा हॉर्न वाजला. वऱ्हाडात पाहुणा वेळेआधी येत नाही, पण भगवंतराव मोहोड नाशिकला जाऊन आल्यापासून त्यांचं सगळंच बदललं होतं.

"गोदामातून दुसऱ्या भरून आनू?" शुभमनं विचारलं.

"कशा?" गीतांजली म्हणाली. "मळ्यात जायचं तर त्यांच्या नाकासमोरून जावं लागेल. आणि आणल्या तरी त्या गार कधी व्हायच्या?"

"मंग चाखून सांग न बाई. तूच तं केल्या," शुभम म्हणाला.

गीतांजली एका बाटलीकडे वाकली. माणिकबाईंनी तिच्या दंडाला धरून मागे ओढलं. गीतांजलीला पाचवा महिना होता. पोटुशी सुनेनं वाइन जिभेवर घेणं तर सोडाच, वास घेणंही सासूला मंजूर नव्हतं. खरं तर गीतांजलीची स्वतःचीही हिंमत नव्हती. दिवस राहिल्यापासून पिंपाच्या कोपऱ्यात उभं राहिलं तरी तिच्या पोटात ढवळून येई. गेले दोन महिने पिंपाची सगळी कामं शुभमच बघत होता, गोदामाची चावीही त्याच्याच खिशात असे.

"तू जाय, कडुनिंबाखाली बस," माणिकबाईंनी हुकूम सोडला. "अजी, तुमी पाहुन्याले पन्हं द्या न् बोलत बसवा."

"काय बोलू?" उत्तमरावांनी विचारलं.

"काईबी. कपाशीचं बोला."

उत्तमराव बाहेर गेले आणि कपाशीचं बोलू लागले. तो विषय त्या वर्षांत संपणाराच नव्हता.

आत माणिकबाईंनी पदर खोचला, देवाकडे एकदा पाहिलं आणि तीन वाट्या मांडल्या. ज्या बाईनं गावातलं दुकान बंद पाडलं तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात वाइन चाखायला बसायचं, हे सोपं नव्हतं. पण दारात पाहुणा होता, परसात सून होती आणि उद्या सकाळी ट्रॅक्टर येणार होता.

"शुभम, वत."

"मी चाखू का, माय?"

"तू काहून? तुले काय समजते त्यातलं? वत."

माणिकबाईंनी डोळे मिटून पहिली वाटी तोंडाला लावली. कडू औषध घेताना करतात तसं तोंड केलं, मग हळूहळू ते सरळ झालं.

"अवं गीता," त्यांनी खिडकीतून आवाज दिला, "महाग कोनती थे कसं ओळखाचं?"

"आई, जी सर्वांत चांगली लागेल ती वऱ्हाड," कडुनिंबाखालून उत्तर आलं.

घोळ झाला तो याच वाक्यानं. माणिकबाईंना पहिली वाइन चांगली लागली. पिकल्या जांभळासारखी, जराशी आंबटगोड. दुसरी तुरट निघाली. तिसरी तोंडात घेतली आणि त्यांनी भुवया उंचावल्या.

"हिले भिजल्या पाटाचा वास येऊन राहिला. ही सस्ती."

शुभमनं ती वाटी नाकाशी नेली. "माय, हीच वऱ्हाड हाय."

"भिजल्या पाटाले कोन पैसे देते?"

"तसाच वास असते तिचा. पयली माणिक हाय."

"तू थांब. मी अखीन पाहतो."

माणिकबाईंनी आणखी पाहिलं. निर्णय चुकता कामा नये म्हणून एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि एकदा उजवीकडून डावीकडे. प्रत्येक वेळी पहिलीच चांगली लागली, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. त्यांचे कान गरम झाले आणि आवाज एरवीपेक्षा वर चढला. शुभम अजून काही बोलणार होता. "तुले इतकं कसं ठाऊक रे?" असं त्यांनी विचारलं आणि तो बाटल्यांची बुचं शोधू लागला.

आता लेबलं नव्हती, तर खूण हवी. माणिकबाईंनी पहिल्या बाटलीला कुंकवाचं बोट लावलं, दुसरीला हळदीचं, आणि सस्तीला काहीच लावलं नाही. "कुंकवाची ते वऱ्हाड, हळदीची काळी माती, बिनकुंकवाची माणिक. जाय घेऊन."

बाहेर भगवंतराव मोहोडांना ही खूण फार आवडली. "ट्रॅडिशनल टच," ते म्हणाले. त्यांनी बाटलीला हात लावून मान डोलावली. "हे पाहा. याले म्हनतात रूम टेंपरेचर."

उत्तमरावांनी विहिरीचा विषय काढला नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

भगवंतरावांनी ग्लासात थोडी वाइन घेतली, ग्लास गोल फिरवला, त्यात नाक घातलं, घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि इकडेतिकडे पाहू लागले. "थुकाले काई?" उत्तमरावांनी निमूट तस्त पुढे केलं. भगवंतराव त्यात थुंकले.

"वा! जायफळ. व्हॅनिला. पिंपाचा वास कसा लपत नाई." हे कुंकवाच्या बाटलीबद्दल होतं. हळदीच्या बाटलीला त्यांनी ठीक म्हटलं. बिनकुंकवाचा घोट घेतला आणि तो तस्तात इतक्या घाईनं टाकला की उत्तमरावांनी पाय मागे घेतले. "ही गावातच वाटून टाका."

खिडकीआड उभ्या माणिकबाईंनी हे थुंकणं पाहिलं. एरवी त्या पाहुण्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. आता त्या थेट बैठकीत आल्या. त्यांच्या हातात तळलेल्या कुरडयांचं ताट होतं.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "माह्या घरात पाहुन्यानं आजवर पानी टाकलं नाई. मी दारूबंदीवाली बाई. जलमात पयल्यांदा आज ह्या बाटल्यांची चव घेतली, माह्या सुनेसाठी. मी गियली. न् तुमी हाटेलवाले असून थुकता?"

"वहिनी, तशी रीत असते. टेस्टिंगची."

"थुकून चव समजते? मंग तुमच्या हाटेलात लोक थुकाले येतात का?"

भगवंतरावांना नाशिकमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माणिकबाईंनी तस्त उचलून अंगणात नेऊन ठेवलं आणि परत येऊन त्यांचा ग्लास कुंकवाच्या बाटलीतून काठोकाठ भरला. शेजारच्या ग्लासात बिनकुंकवाचीही भरून ठेवली, कोणाला डावललं असं नको. वऱ्हाडी आग्रहापुढे नाशिक पाहून आलेल्या माणसाचंही काही चालत नाही. भगवंतराव कुरडई खात आणि घोट गिळत बसले, आणि खरंच त्यांची कळी खुलली. हॉटेलात भरीत-भाकरीबरोबर ही वाइन कशी चालेल हे ते स्वतःच सांगू लागले.

"उत्तमराव, ठरलं. ही कुंकवाची मले दर महिन्याले पन्नास पेट्या. पन हीच. दुसरी एक बाटली नोको."

उत्तमरावांचा चेहरा उतरला. कुंकवाची म्हणजे वऱ्हाड, आणि वऱ्हाडचं पिंप एकच. पन्नास पेट्या एकदाही निघाल्या नसत्या. दोन टाक्या भरून पडली होती ती माणिक, आणि ती तर पाहुण्यानं गावात वाटायला सांगितली होती. त्यांनी मनातल्या मनात ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजला. शुभम खाली मान घालून बसला होता. त्याचं काहीतरी ओठांवर येत होतं आणि परत जात होतं.

गीतांजलीला हे परसात ऐकू गेलं. बाग जाणार हे तिला कळलं, तरी पाहुण्याला सुपारी देणं तिचं काम होतं. ती तबक घेऊन बाहेर आली. टेबलापाशी वाकली, कुंकवाच्या बाटलीवरून हात पुढे नेला, तिला काही झालं नाही. मग बिनकुंकवाच्या भरलेल्या ग्लासावरून वाकली, आणि तबक तिथंच टाकून, तोंडावर पदर धरून परसाकडे पळाली.

माणिकबाई मागोमाग धावल्या. गीतांजली कडुनिंबाला धरून उभी होती. उलटी झाली, तिनं तोंड धुतलं आणि ती हसायला लागली.

"आई, पिंपाचा वास! त्या बिनकुंकवाच्या ग्लासाला. वऱ्हाड ती आहे."

"मंग कुंकवाची?"

"माणिक. त्यांना आवडली ती आपली माणिक आहे. दोन टाक्या आहेत आपल्याकडं!"

माणिकबाई विहिरीच्या काठावर बसल्या. आनंद झाला तेव्हा त्यांना नेहमीच आधी बसावं लागे.

"पण आई, हे त्यांना सांगायला हवं," गीतांजली म्हणाली. "स्वस्त वाइन महागाच्या नावानं मी विकणार नाही. मग ऑर्डर गेली तरी चालेल."

"जाईन कशी? मी सांगतो."

माणिकबाई बैठकीत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, लेबलं पान्यात गेली. कुंकू म्या लावलं, न् मले त्यातलं काई समजत नाई. तुमाले आवडली थे आमची सर्वांत सस्ती. माणिक. न् तुमी तस्तात टाकली थे महाग, पिंपातली. आता बोला."

उत्तमरावांनी डोळे मिटून घेतले. जायफळ आणि व्हॅनिला सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आधी लाली आली, मग ती गेली. त्यानं ग्लास उचलला, उरलेली माणिक सावकाश संपवली आणि ग्लास खाली ठेवला.

"मले पयल्या घोटालेच समजलं होतं," भगवंतराव म्हणाले. "म्हनलं, पाहू तं, हे लोक खरं सांगतात का नाई."

"मंग?"

"मंग काय? सस्तीच्याच भावानं पाठवा. पन्नास पेट्या. न् कुंकू लावूनच पाठवा."

गाडी अमरावतीच्या रस्त्याला लागली आणि उत्तमरावांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. "उद्या येऊ नोको," ते म्हणाले. पलीकडून कधी येऊ असं विचारलं असावं. "सांगतलं न, येऊ नोको," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि मग टोपी घालून एकटेच माळाकडे गेले. बागेत पोचल्यावर त्यांनी एक लोंबती वेल उचलून तारेवर नीट बसवली, हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही.

माणिकबाई ओसरीवर आडव्या झाल्या होत्या. गीतांजली त्यांच्या उशाशी बसून वारा घालत होती आणि शुभम रिकाम्या वाट्या गोळा करत होता. माणिकबाईंनी एक डोळा उघडला.

"शुभम, तुले एका वासात कशी समजली रे, पिंपातली?"

गीतांजलीचा पंख्याचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दर महिन्याला उतरणारं पिंप तिला आठवलं, आणि तीन वर्षं आपण ज्या उन्हाला दोष देत आलो तेही आठवलं.

शुभमनं अंगणाकडे पाहिलं. तिथं आता चांगलीच सावली पडली होती.

"यंदा ऊनच..." त्यानं सुरुवात केली.

"चाबी," माणिकबाई म्हणाल्या आणि दुसरा डोळा न उघडताच त्यांनी हात पुढे केला.